सोळा बाइट आणि एक खटका

आमच्या पोट्ट्याचं एकच गाऱ्हाणं होतं. "काका, शेवटी शेवटी हे वर येतच नाही."

शेवटी शेवटी म्हणजे बॅटरी उतरायला लागली की. सोयाबीन निघालेल्या वावरात तो ड्रोन उडवायचा, पहिली तीन मिनिटं झकास जायची, आणि परत आणताना तुरीच्या ओळीवरून उचलायला गेला की ड्रोन जड व्हायचा, थबकायचा आणि तुरीत पडायचा. दसरा ते दिवाळी एवढ्यात नऊ पाती तुटली. तान्ह्या पोळ्याचा बोजारा त्याने डब्यात जपून ठेवला होता. त्यातून दोनशे चाळीस रुपये मी पात्यांपोटी कापून घेतले. मी उडवलं की काहीच होत नसे, त्यामुळे घरातला निकाल आधीच लागलेला होता: पोट्ट्याला येत नाही.

दारव्हा तालुक्यात माझं मोटर भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटरी जळतात, लोक आणतात, मी तांब्याची तार नव्याने भरून देतो. ड्रोन हा रिकाम्या वेळेतला उद्योग. पाच इंची पात्यांचा, सुटे भाग मागवून बसवलेला. फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा मेंदू, कोणीतरी वापरून विकलेला होता, त्यात बीटाफ्लाइट या ड्रोन चालवणाऱ्या प्रोग्रामची ४.२ आवृत्ती. वर कॅमेरा आणि गरजेपेक्षा मोठी बॅटरी. कारण सांगायचं तर, पहाटे रोह्यांचा कळप कुठल्या धुऱ्याला बसलेला असतो ते पाहायचं, म्हणजे रात्रभर जागल करावी लागत नाही. रोही ड्रोनला भीत नाहीत हे लवकरच कळलं. मान वर करून बघतात आणि पुन्हा चरतात.

तर थ्रॉटल, म्हणजे मोटरींना द्यायचा जोर. बीटाफ्लाइटमध्ये थ्रॉटल हा एक आकडा नसतो, तो कुटुंबकबिला असतो. थ्रॉटल मिड आणि थ्रॉटल एक्स्पो मिळून काडी किती सरकवली की किती जोर येईल त्याचा वक्र ठरतो. थ्रॉटल लिमिटचे दोन भाग: प्रकार आणि टक्के. प्रकार बंद, स्केल किंवा क्लिप. स्केल ६० म्हणजे काडी पूर्ण वर नेली तरी साठच टक्के जोर, आणि मधलं सगळं त्या प्रमाणात दाबलेलं. क्लिप ६० म्हणजे साठपर्यंत नेहमीसारखं, पुढे भिंत. शिवाय जोर वाढला की पीआयडी, म्हणजे ड्रोनचा तोल सावरणारं गणित, मवाळ करणारा टीपीए, आणि मोटर रिकामी फिरते तो आयडल. हे सगळं वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या संचांमध्ये.

मी आधी एआयला नुसतं विचारलं. उत्तर लांबलचक आलं, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'असावं'. थ्रॉटल मिड कमी असावं, मोटर थकलेली असावी, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढला असावा. आमच्याकडे गुरांचा देवऋषीही असंच बोलतो. मग मी पडद्यावरचे आकडे एकेक करून टंकायला लागलो. १३५० च्या जागी एकदा १३५ गेलं आणि अर्धा तास त्याने त्या चुकीवर तत्त्वज्ञान सांगितलं. तेव्हा ठरवलं, माझं बोट मध्ये नको. त्याला थेट ड्रोनमधून वाचू द्यायचं.

यासाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची पद्धत आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात खुली झालेली; लोक एमसीपीच म्हणतात. आपण एक छोटा प्रोग्राम लिहायचा, त्यात 'अमुक वाच', 'तमुक कर' अशी साधनं मांडायची. एआयला त्या साधनांची नावं दिसतात, हवं ते साधन तो मागतो, आपला प्रोग्राम ते काम करून उत्तर देतो. पायथन मी दुकानात गिऱ्हाईक नसताना शिकलेलो. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स. पहिला अडथळा फालतू निघाला: यूएसबीचं पोर्ट उघडायची परवानगी नव्हती, मला 'डायलआउट' गटात घालून घ्यावं लागलं. दुसरा अडथळा, बीटाफ्लाइटचं कॉन्फिगरेटर (सेटिंग पाहायचा-बदलायचा प्रोग्राम) उघडं असताना माझा प्रोग्रामही तेच पोर्ट धरायचा, आणि उत्तरं अर्धी इकडे अर्धी तिकडे. एका दावणीला दोन गोऱ्हे.

आता माझी खरी चूक. फ्लाइट कंट्रोलरला सीएलआय असतो, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी. 'डंप' लिहिलं की सगळ्या सेटिंग एकदम समोर येतात. मी म्हटलं, एवढं सोपं असताना जास्त डोकं कशाला चालवायचं? एकच साधन दिलं: सीएलआयला कुठलीही ओळ पाठव, उत्तर आण. सुरुवातीला प्रत्येक ओळीआधी लॅपटॉप मला विचारायचा, पाठवू का? तिसऱ्या वेळी कंटाळून मी 'नेहमी परवानगी' वर टिचकी मारली.

पण वाचायची आणि लिहायची खिडकी एकच. 'डंप' जिथून जातं तिथूनच 'सेट' जातं, 'सेव्ह' जातं, आणि 'मोटर' सुद्धा.

संध्याकाळची वेळ. ड्रोन खाटेवर, व्होल्टेज वाचायचं म्हणून बॅटरी जोडलेली. आई ओसरीत कापसातली कवडी वेगळी करत बसलेली. एआयने लिहिलं की चौथी मोटर कमी जोर देत असावी, तपासून पाहतो, आणि मी ते वाक्य वाचून संपवायच्या आत खाटेवर किंचाळी उठली. त्याने 'मोटर ३ ११५०' ही ओळ पाठवली होती. सीएलआयमध्ये मोजणी शून्यापासून, म्हणून ३ म्हणजे चौथी. ड्रोन एका अंगाने थरथरत खाटेच्या नवारीवरून सरकायला लागला. ही आज्ञा दिली की मोटर आपोआप थांबत नाही, थांबायची आज्ञा वेगळी द्यावी लागते. मी बॅटरीचा पिवळा एक्सटी-६० कनेक्टर धरून ओढला.

पाती काढलेली होती. दुकानातली सवय, टेबलावर फिरणारं काहीही मोकळं ठेवत नाही. पाती असती तर काय झालं असतं ते लिहीत नाही, ओसरी चार हातांवर होती.

"बाप्पा! कोनं चालू केलं बे ते?" आई म्हणाली.

मी म्हटलं, "कोणी नाही." म्हटलं तर खरंच होतं.

एआयने माफी मागितली, फार सभ्य शब्दांत. पण दोष त्याचा अर्धाही नव्हता. मी त्याला गोठ्याची, घराची आणि तिजोरीची एकच किल्ली दिली होती आणि तोंडाने सांगितलं होतं की फक्त गोठा उघड. एमसीपीत साधनावर 'हे फक्त वाचतं' अशी चिठ्ठी लावता येते, ते नंतर वाचलं. पण ती चिठ्ठीच. तिच्यामुळे काही अडत नाही. अडवायचं असेल तर प्रोग्रामातच ते दार नसलं पाहिजे.

म्हणून सगळं पुसून दुसऱ्या वाटेने गेलो. आधी हाताने 'डिफ ऑल' चालवून सगळ्या बदललेल्या सेटिंगची फाइल जपून ठेवली. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. मग ड्रोनशी बोलायचा एमएसपी धरला. ही मल्टीवी या जुन्या प्रकल्पातून आलेली बोली, बीटाफ्लाइट अजून तीच बोलतं. तिच्यात प्रत्येक कामाला क्रमांक आहे. १११ म्हणजे रेटच्या (काडी हलवली की ड्रोन किती वेगाने वळेल त्याच्या) आणि थ्रॉटलच्या सेटिंग सांग. १०५ म्हणजे रिमोटच्या काड्या आत्ता कुठे आहेत ते सांग. २०४ म्हणजे त्याच सेटिंग बदल. २१४ म्हणजे मोटर फिरव. २५० म्हणजे कायमचं साठव. वाचायचे क्रमांक वेगळे, लिहायचे वेगळे. मला हेच हवं होतं. प्रोग्रामात मी मोजके वाचनाचे क्रमांक लिहिले आणि त्याबाहेरचा कुठलाही क्रमांक आला तर वायरवर एक बाइटही जाऊ नये अशी ओळ टाकली. एआयने २०४ मागितला तर त्याला 'असं साधन नाही' एवढंच कळणार.

मागणी कशी जाते ते पहिल्यांदा वहीत लिहून काढलं, कारण मला आवडलं. सहा बाइट: डॉलरचं चिन्ह, एम, डावीकडे तोंड असलेला बाण, मग लांबी शून्य, मग क्रमांक १११, शेवटी पडताळा. पडताळा म्हणजे लांबी आणि क्रमांक यांचा एक्सॉर, बिटाला बिट ताडून येणारा आकडा. शून्य आणि १११ चा १११ च. डॉलर, एम, बाण, शून्य, एकशे अकरा, एकशे अकरा. एवढं वायरवरून गेलं की ड्रोन उजवीकडे तोंड केलेल्या बाणाने उत्तर देतो.

पहिल्या रात्री उत्तर आलं आणि एआयने ताबडतोब निदान केलं: थ्रॉटल लिमिट बंद दाखवत आहे, पण टक्के शून्य आहेत, हे गंभीर आहे, शिवाय टीपीए सुरू होण्याची जागा ७०, ही अशक्य किंमत आहे. मी घाबरलो. शून्य टक्के जोरावर उडत होता का हा इतके दिवस? तेवढ्यात लाइट गेली. टॉवरही गेला. आमच्याकडे लाइटसोबत नेटवर्कही जातं, त्यामुळे एआयला विचारायचा प्रश्नच मिटला.

सकाळी प्रोग्राम बदलला. आधी मी बाइट उलगडून, नावं लावून त्याला देत होतो. आता नावांसोबत कच्चे बाइटही जसेच्या तसे दिले. पहिले सोळा असे होते:

१०० ० ७० ७० ७० ६५ ५० ० ७० ५ ० १०० १०० ० ० १००

एआयने दुसऱ्याच ओळीत माझी चूक काढली. टीपीएच्या जागेसाठी एक बाइट नसतो, दोन असतात, आणि धाकटा आधी येतो. ७० आणि ५ एकत्र वाचायचे: पाच गुणिले २५६ म्हणजे १२८०, अधिक ७०, झाले १३५०. मी ७० ला एकटा धरला, म्हणून पुढचा प्रत्येक आकडा एक घर मागे सरकला, आणि शेवटचा १०० बाहेरच पडला. खरी स्थिती: मिड ५०, एक्स्पो शून्य, लिमिट बंद, टक्के १००. निव्वळ सरळ रेषा, काहीही बिघाड नाही. उलगडायचं काम मी चुकीचं केलं आणि माझ्या चुकीवर त्याने रात्री निदान केलं. कच्चा माल मिळाल्यावर तोच शुद्धीवर आला. तेव्हापासून मी कच्चे बाइट लपवत नाही.

बिघाड मात्र राहिलाच. आता एआय दर वेळी स्वतः वाचून सांगायचा की लिमिट बंद आहे. 'असावं' गेलं, 'आहे' आलं. तीनदा वाचलं, तीनदा तेच. बॅटरी बदलून पाहा म्हणाला, बदलली. मोटरीचे स्क्रू, पात्यांचा तोल, सगळं पाहिलं. मी उडवलं, बॅटरी १४ व्होल्टपर्यंत उतरवली (चार सेलची ती, पूर्ण भरली की १६.८), तरी तुरीवरून आरामात उचलला. पोट्ट्याने उडवला, धप्प. दहावं पातं.

"त्याच्या हाताले वजनच नाही," मी जेवताना म्हटलं.

वहिनीला ते लागलं. पोट्टा तिचा. आणि ती गावच्या बचत गटाची ड्रोन दीदी. सरकारच्या नमो ड्रोन दीदी योजनेचं पंधरा दिवसांचं शिक्षण तिने पूर्ण केलं आहे, पाच दिवस उडवण्याचं आणि दहा दिवस फवारणीचं. दहा लिटरच्या टाकीचा तिचा ड्रोन भरला की पंचवीस किलोच्या घरात जातो आणि ती तो पऱ्हाटीवरून सुतासारखा नेते. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून पाठीवर पंप घेणाऱ्याच्या घरी जेवण गोड लागत नाही, त्यामुळे वहिनीच्या ड्रोनला गावात मान आहे. माझ्या ड्रोनला नाही.

ती म्हणाली, "भाऊजी, तुमचं ते मशीन वाचते, ते उडवतानी वाचते का खाटेवर?"

"खाटेवर. उडताना वायर कशी लावणार?"

"अन् खाटेवर असतानी रिमोट चालू रायते का?"

रिमोट बंद असायचा.

"मंग उडवतानी खटके कुठं असते, ते त्याले कसं कळन? आमाले पयला धडाच तो होता. आधी खटके पाहाचे, मंग बाकी."

पोट्टा भाकरी चावत म्हणाला, "माया तं खालीच असते. काकानंच सांगतलं होतं ना. उजवा खटका खालीच ठेवजो, वर करू नको म्हणून."

मी ताट सरकवलं आणि उठलो. हात धुतले की नाही आठवत नाही.

बीटाफ्लाइटमध्ये रेट प्रोफाइल एकापेक्षा जास्त असतात, आणि रिमोटच्या खटक्याने ते उडतानाच बदलता येतात. श्रावणात पोट्टा शिकत होता तेव्हा मी दुसऱ्या प्रोफाइलमध्ये त्याच्यासाठी थ्रॉटल दाबून ठेवलं होतं, म्हणजे घाबरून काडी वर लोटली तरी ड्रोन आभाळात जाणार नाही. खटका खाली म्हणजे दुसरं प्रोफाइल. मी स्वतः खटका वर ठेवून उडवतो, बोटाच्या सवयीने. आणि हे सगळं मी साफ विसरलो होतो. १११ ला ड्रोन फक्त चालू प्रोफाइलचं उत्तर देतो. रिमोट बंद, म्हणून खाटेवर तो कायम पहिल्या प्रोफाइलवर. एआयने जे वाचलं ते खरंच होतं. ते माझं प्रोफाइल होतं, पोट्ट्याचं नव्हतं.

प्रोग्रामात आणखी एक वाचनाचा क्रमांक घातला, १५०. त्यात आत्ता कुठलं रेट प्रोफाइल चालू आहे तेही येतं. पाती काढली, आईला दाखवली, बॅटरी लावली, रिमोट चालू केला. खटका वर: प्रोफाइल ०, शेवटचे दोन बाइट ० आणि १००. पोट्ट्याने खटका खाली केला. प्रोफाइल १, आणि ओळीचं शेपूट बदललं:

... ० १ ६०

प्रकार १ म्हणजे स्केल. टक्के ६०. कॅमेरा आणि मोठी बॅटरी मी दसऱ्याच्या आधी लावली, तेव्हापासून हा ड्रोन नुसता तरंगायलाच चाळीस टक्के जोर मागतो. साठच्या स्केलमध्ये चाळीस म्हणजे काडी दोन-तृतीयांश वर. बॅटरी उतरली की तरंगायला पन्नास लागतात, म्हणजे काडी ऐंशीच्या पुढे. वर उरलं किती? पोट्टा काडी टोकाला लावून उभा असायचा आणि ड्रोन तुरीकडे बघत खाली यायचा. त्याने मला दहा वेळा सांगितलं होतं की काडी संपते. मला वाटलं, घाबरून बोलतो.

एआयने गणित मांडून दिलं आणि पुढे लिहिलं की लिहिण्याचं साधन जोडलं तर तो मर्यादा लगेच काढून देऊ शकतो. मी कॉन्फिगरेटर उघडून हाताने ६० चे ८५ केले. ते करायला दहा सेकंद लागतात. तेवढ्यासाठी २०४ चं दार उघडायची मला गरज वाटत नाही. शंभर का नाही केले, तर तेरा वर्षांचा आहे तो, आणि तुरी अजून उभ्या आहेत.

वहिनीने नंतर विचारलं, तिच्या ड्रोनचंही असं वाचून देता का. मी नाही म्हटलं. तो टाइप सर्टिफिकेट, म्हणजे सरकारी मान्यता, असलेला ड्रोन आहे. त्याच्या पोटात वायर घालायचं काम बनवणाऱ्याचं, माझं नाही. शिवाय टाकी रिकामी होत जाते तसा तिचा ड्रोन उंची आपली आपण सांभाळतो, आमच्या ड्रोनसारखी अक्कल पोट्ट्याच्या अंगठ्यात ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात गेलो. दव होतं, कुटाराच्या ढिगावर बगळे बसलेले. पोट्ट्याने खटका खाली केला, मला दाखवला, आणि उडवला. १४.४ व्होल्ट. १४.२. परत फिरला. तुरीच्या ओळीआधी त्याने काडी जरा वर नेली आणि ड्रोन शेंड्यांवरून हातभर उंचीने निघून गेला. बगळे उठले.

खाली उतरवून रिमोट गळ्यात तसाच ठेवून तो माझ्याजवळ आला.

"काका, माया बोजाऱ्यातले दोनशे चाळीस."

मी पाकीट काढलं. सुटे नव्हते, अडीचशे दिले. दहा रुपये त्याने परत केले नाहीत.